आईसाठी घेतलेली गाडी

नवी गाडी आमच्या घरी आली असं मी कधी म्हणत नाही. ती वाडीच्या तोंडापर्यंत आली, फणसाखाली उभी राहिली आणि अजून तिथेच उभी असते. येणारेजाणारे म्हणतात, छान आहे हो गाडी. आहेच छान. छान नाही असं मी कुठे म्हणते? मी एवढंच म्हणते की ज्या माणसाचं नाव पुढे करून ती घेतली, त्या माणसाच्या ती कधी उपयोगी पडली नाही. पण हे बोललं की घरात माझंच तोंड दिसतं.

आमचं घर हातखंब्याहून पालीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आहे, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. घराकडे येणारी वाट दोन गडग्यांमधून येते. जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचून केलेली ही कुंपणं, ना चुना ना सिमेंट. भाऊबंदांनी जमीन वाटून घेतली तेव्हा बैलगाडी जाईल एवढी वाट सोडायची असं ठरलं होतं, आणि कोणी वीतभरही जास्त सोडली नाही. आता बैल गेले, बैलगाड्या गेल्या. जांभ्यात चाकांनी कोरलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधला उंचवटा एवढंच मागे राहिलं. रिक्षाचं पुढचं चाक नेमकं त्या उंचवट्यावर चढतं. एकदा एक रिक्षा अशी कलंडली होती, तेव्हापासून हातखंब्याच्या तिठ्यावरचे रिक्षावाले आमच्या वाडीचं नाव काढलं की दुसरीकडे बघतात.

आमची जुनी गाडी मात्र त्या चाकोऱ्यांत पाय घातल्यासारखी बसायची. आठशे सीसीची, एके काळी पांढरी असलेली, शहरातल्या एका डॉक्टरांनी वापरून विकलेली छोटी गाडी. मी रत्नागिरीत पतसंस्थेत नोकरीला जाते. एसटीच्या वेळा सांभाळून जीव मेटाकुटीला आला तेव्हा मी हट्टाने ती घ्यायला लावली आणि शिकले. नवऱ्याने तिला कधी आपलं म्हटलं नाही. तिच्यात बसलं की त्याचं डोकं छताला लागायचं आणि प्रतिष्ठा त्याहून वर कुठेतरी लागायची.

जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही. त्या गाडीने मला रडवलंय. खाऱ्या हवेने तिचा तळ खाल्ला होता. पावसात चटईखाली पाणी साचायचं, आणि एका वर्षी तर मागच्या सीटखाली चक्क नेचा उगवला. एसी होता, म्हणजे त्याचं बटण होतं. घाटात मागून ट्रक आला की पाठीत कळ यायची, कारण मागचा पत्रा म्हणजे पापड. एअरबॅग वगैरे शब्द तिच्या जन्मानंतरचे. धडक बसली तर काय, हे मलाही कळत होतं. पण ती माझ्या दारात येत होती. अंगणात तुळशीला वळसा घालून पायरीला लागून उभी राहत होती. मागची सीट काढली की आंब्याच्या पेट्या, भाताची पोती, सिलिंडर, काय वाट्टेल ते गिळत होती. बिघडली तर पालीतला मेकॅनिक बॉनेट उघडून हात घालायचा आणि काय बिघडलं ते मला दाखवायचा. नवीचं बॉनेट उघडलं तर वर एक काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. तिला काय दुखतंय ते बघायला लॅपटॉप लागतो आणि लॅपटॉपवाला भेटायला रजा टाकावी लागते.

पण माझ्या सोयीचं जाऊ दे. ती गाडी खरी लागत होती माझ्या सासूबाईंना.

सासूबाईंचे गुडघे गेलेले. घरात भिंत धरून त्या सगळं करतात, पण उंचसखल जांभ्यावरून रस्त्यापर्यंत चालणं त्यांना जमत नाही. त्यांची एक धाकटी बहीण पालीला होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. माहेरची तेवढी एकच उरली होती. मावशीचं घर पाखाडीवर, म्हणजे रस्त्यापासून दगडी पायऱ्या चढून वर. सासूबाईंना त्या चढता येत नव्हत्या आणि मावशीला दम्यामुळे फार लांब जाता येत नव्हतं. फोन असून उपयोग नव्हता, कारण मावशीला ऐकू कमी यायचं. फोनवर दोघी एकमेकींना नुसतं ‘हां? काय?’ करत राहायच्या आणि शेवटी चिडून ठेवून द्यायच्या.

म्हणून आमच्यात एक रीत पडून गेली होती. बाजाराच्या दिवशी मी अर्धा दिवस रजा घ्यायची, सासूबाईंना पायरीवरून गाडीत बसवायचं आणि पाखाडीच्या पायथ्याशी गाडी लावायची. मावशी कठडा धरत एकेक पायरी उतरून यायची आणि मागच्या सीटवर बहिणीशेजारी बसायची. मी दोघींना तशाच सोडून बाजार करायला निघून जायचे. परत यायचे तेव्हा दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली असायची. सासूबाई तिच्या कानात बोलत असायच्या. त्या गाडीत माणसं इतकी दाटीने बसत की कानात बोलायला वाकावंही लागत नसे. कधी भांडत, कधी सुक्या जवळ्याची पुडी एकीच्या पिशवीतून दुसरीच्या पिशवीत जात असे. काय एवढं बोलता म्हणून विचारलं तर सासूबाई म्हणत, “तुला काय करायचां गो? तू भाजी बघ.”

चाळीस वर्षं एका घरात राबलेल्या बाईचं स्वतःचं असं एवढंच होतं. एक सीट आणि एक बहीण.

मुंबईचा धाकटा दीर गणपतीला आला, तेव्हा त्याने आल्या आल्या जाहीर केलं की या डब्यातून आईला फिरवणं म्हणजे गुन्हा आहे. तो ज्या सोसायटीत राहतो तिथे म्हणे असल्या गाडीला गेटमधून आत घेत नाहीत. त्यातून तिची पंधरा वर्षं भरत आलेली. पुन्हा पासिंग करून आणता येतं, मी चौकशी केली होती, पण माझ्या चौकशीला कोण विचारतो. दिराने मोबाइलवर गाड्या दाखवल्या आणि नवरा मोबाइलमध्ये शिरला. धडकेत किती तारे मिळाले, मागे बघायला कॅमेरा, पडद्यावर नकाशा, छताला खिडकी. छताला खिडकी कशाला, हे मी विचारलं. दीर म्हणाला, “वहिनी, तुम्हाला नाही कळायचं. आईसाठी घेतोय आपण. तिला कसं ऐसपैस बसता यायला हवं.”

आईला कोणी विचारलं नाही. आई आत मोदकांची उकड मळत होती.

वाटेत गाडी मावेल का, एवढी शंका मात्र नवऱ्याला आली. मग दोघे भाऊ टेप घेऊन वाटेवर गेले. त्यांनी डोकं असं लढवलं की गाडी सगळ्यात रुंद कुठे, तर आरशांपाशी. म्हणून आरशाच्या उंचीला, छातीइतक्या वर टेप धरून त्यांनी वाट मोजली, जागोजागी मोजली, आणि हसत परत आले. बसते म्हणाले, वर चार बोटं उरतात.

गडगा वर निमुळता आणि खाली रुंद असतो. नुसत्या रचलेल्या दगडांना उभं राहायचं तर पाया पसरावाच लागतो. ही दोघं त्या गडग्यांवर चढून कैऱ्या पाडत वाढलेली पोरं. पण भाद्रपदात गडग्याच्या पायाला तेरडा, नेचे, गवत असं काही माजलेलं असतं की पाया कुठे संपतो आणि वाट कुठे सुरू होते ते डोळ्यांना दिसत नाही. मला दिसायची गरज नव्हती. त्या वाटेवरून रोज दोनदा गाडी काढणारी मी होते, माझ्या टायरांना तो पाया पाठ होता. पण घरात पाहुणे, चुलीवर घावन, आणि मोजायला गेलेल्या पुरुषांनी बायकोला हाक मारायची आमच्याकडे पद्धत नाही.

विसर्जनानंतर नवऱ्याने एक दिवस गाडी मागून घेतली. मी एसटीने कामावर गेले आणि संध्याकाळी परत आले, तर जुनी गाडी नव्हती. ती नवीच्या बदल्यात दिली होती. गाडी नवऱ्याच्या नावावर होती, त्यामुळे माझ्या सहीची कोणाला अडचण नव्हती. तिच्या कप्प्यात माझा चष्मा होता, तोसुद्धा गेला.

नवी आली ती हार घालून. नवऱ्याने वाटेत घातली आणि ती बोंबलायला लागली. तिला चारी बाजूंनी कान आहेत, गडगा जवळ आला की किंचाळते. पडद्यावर लाल रेघा आल्या. दीर उतरून पुढे चालत हाताने ‘ये ये’ करत होता. वर आरसे मजेत होते, चार बोटं खरोखरच उरली होती. खाली मात्र पुढचं डावं चाक गडग्याच्या पायावर चढलं, दारं घासली आणि वरचे दोन चिरे बॉनेटवर उतरले. मागे घेताना तिने आणखी अंग खरवडून घेतलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं झालं. वाडीतले सगळे बघायला जमले होते, कोणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार.

सासूबाई खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकून, नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. गाडीला ओवाळायला तबक तयार होतं. नवरा चालत घरी आला तेव्हा त्यांनी विचारलं, “आली गाडी?” तो म्हणाला, “रस्त्यावर आहे.” त्यांनी तबकातलं निरांजन विझू नये म्हणून आत देवापाशी नेऊन ठेवलं.

पुढचं सगळं वरातीमागून घोडं. गडगा आत सरकवायचा तर तो सामाईक. सातबारावर नावं ढीगभर आणि त्यातली निम्मी माणसं नालासोपारा, विरारला. ज्यांना गावी पाच वर्षांत यायला सवड झाली नाही, त्यांना दीड हात वाट सोडायची नाही हे कळवायला मात्र तासाभराची सवड मिळाली. शिवाय वाटेच्या वळणावर राखणदाराचा, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचा दगड. शेवटी भाऊबंद म्हणाले, देवाचा कौल घ्या, देव हो म्हणाला तर आमचं काही नाही. त्यांना माहीत होतं की सासूबाई याला नाही म्हणायच्या नाहीत. त्या स्वतःच म्हणाल्या, “देवाला इचारल्याबिगर दगड हलवायचा नाय.”

गुरवाने देवळात गाऱ्हाणं घातलं, पाषाणाला पाकळ्या लावल्या. डावी पाकळी पडली. म्हणजे नाही. पुन्हा लावल्या, पुन्हा डावीच. मी देवळात उभी होते आणि मला देवाचा राग आला, खोटं कशाला सांगू. म्हातारीने आयुष्यभर या देवाची पालखी आली की उपाशीपोटी अंगण सारवलं, आणि हिचं एवढं एक मागणं त्याला जड झालं. घरी येऊन मी त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “आसूंदे. देवाच्या मनात नसल.” देवावर त्यांचा राग नव्हता. राग कोणावरच नव्हता, म्हणून माझा दुप्पट झाला.

मी म्हटलं, जुनी एखादी छोटी गाडी पुन्हा घेऊ. नवरा म्हणाला, “एक दारात असताना दुसरी?” मी म्हटलं, दारात नाहीये, तीच तर रड आहे. दिराने मुंबईहून व्हिडिओ कॉल लावायला शिकवलं. मावशीच्या शेजारणीच्या फोनवर एकदा लावलासुद्धा. पडद्यात मावशीचं कपाळ आणि छताचा पंखा दिसत होता. सासूबाई म्हणाल्या, “ही खंगली गो,” आणि फोन माझ्या हातात दिला.

मग खुर्चीत बसवून उचलून न्यायचा बेत निघाला. वाडीतले चार पोरगे तयार होते. सासूबाईंनी हात जोडले. “मना उचलू नका रे. माणसाला चौघांनी एकदाच उचलायचां असता.” पोरगे आपापल्या कामाला गेले.

बाजाराचे दिवस येत राहिले. सकाळी त्या वेणी घालून, लुगडं बदलून खळ्यात बसायच्या, कशासाठी ते सांगत नसत. मी कामावर जाताना ‘येते हं’ म्हटलं की ‘ये’ म्हणायच्या. मावशी मात्र पहिले काही आठवडे पाखाडी उतरून खाली येऊन बसत होती, हे मला पालीच्या भाजीवालीने सांगितलं. आता येणं जमणार नाही हा निरोप तिला पोचला होता, पण नीट ऐकू आला नव्हता म्हणा, की पटला नव्हता म्हणा. हे मी घरी सांगितलं नाही. सांगून कोणाचं भलं होणार होतं?

फाल्गुनात मावशी गेली. सकाळीच फोन आला. मी सासूबाईंपाशी जाऊन बसले आणि सांगितलं. त्या बराच वेळ हातातले तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “उचला मना.”

चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून उचललं. मी पुढे चालत होते, मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. रस्त्यावर नवी गाडी उभी होती, धुतलेली, थंड करून ठेवलेली. ती उंच. खुर्चीवरून तिच्यात चढवताना आणखी एकदा सगळ्यांचे हात लागले. आत बसल्यावर त्यांच्याभोवती एवढी जागा उरली की त्या सीटच्या एका कोपऱ्यात राहिल्या. पट्टा लावला नाही म्हणून गाडी टणटण करत होती. नवऱ्याने मागे वाकून आईला पट्टा बांधला. त्यांच्या मुठीत अंगणातली तगरीची फुलं होती.

पाखाडीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा मावशीला बाहेर काढलं होतं. वर जाणं तर शक्यच नव्हतं. नवऱ्याने एकाला वर पाठवून निरोप दिला की तिरडी खाली आली की गाडीपाशी क्षणभर थांबवा. रस्ता तिथे अरुंद. आमच्या गाडीने निम्मा अडवला, मागे माणसं आणि दुचाक्या, समोर पाखाडीचा कठडा. माणसं तिरडी घेऊन उतरली ती गाडी आणि कठडा यांच्या मधल्या फटीत, अंग चोरून. दार उघडायला जागाच राहिली नाही. मी खाली उतरून ते उघडायला गेले तर ते तिरडीच्या बांबूला आपटलं.

“काच घे खाली,” मी नवऱ्याला ओरडून म्हणाले.

काच खाली यायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. नवऱ्याने पुन्हा बटण दाबलं. मी बाहेरून काच दाबून बघितली. शेवटी दिसायला शाळामास्तर वाटणारा एक खांदेकरी हळूच म्हणाला, “यांची मागची काच एवढीच जाते, ताई. सेफ्टीसाठी असतं.”

खांदेकऱ्यांनी तिरडी गाडीच्या खिडकीइतकी खाली घेतली. सासूबाईंनी हात वर करून काचेवरून बाहेर काढला. त्यांचा खांदाही धड नाही. काचेची कड काखेत रुतली, बोटं हवेत राहिली. बहिणीचं तोंड हातभर अंतरावर होतं आणि त्यांना ते काळसर काचेतून बघावं लागत होतं. त्यांनी फुलं टाकली. दोन काचेच्या आत पडली, बाकीची रस्त्यावर. मी खाली वाकून ती गोळा केली आणि मावशीच्या गळ्याशी ठेवली. सासूबाई काहीतरी बोलत होत्या. नेहमीप्रमाणे हळू, कानात बोलल्यासारखं. काचेबाहेर मला काही ऐकू आलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, चला, ऊन चढतंय. तिरडी खांद्यावर गेली.

आम्ही परत फिरलो. मी सासूबाईंच्या शेजारी बसले होते, पण आमच्यामध्ये आणखी एक माणूस बसेल एवढं अंतर होतं. नवऱ्याने काचा बंद केल्या, एसी वाढवला आणि आरशातून मागे बघत विचारलं, “आई, मागे गार येतंय ना नीट?”

“बंद कर तां,” त्या म्हणाल्या. “तिला उनातून नेतायत, न् मी काय गार वाऱ्यात बसू?”

त्याने एसी बंद केला. वाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत आम्ही तिघंही घामाने निथळत होतो, आणि काच खाली घ्यायला कोणाचा हात गेला नाही.